यांगझोमचा जबाब

“सही करा बाई, आन् जावा आता,” हवालदार मगदूम म्हणाले.

ही चौथी वेळ. पहिल्यांदा ते हुकमानं म्हणाले होते, दुसऱ्यांदा समजुतीनं, तिसऱ्यांदा हात जोडून. आता त्यांच्या आवाजात दमच उरला नव्हता.

बाकावर बसलेल्या यांगझोमनं टेबलावरच्या कागदाकडं पाहिलं, पेनाकडं पाहिलं आणि मान हलवली. नाही.

“अवो, सोडतोय तुमास्नी! धरत न्हाई, सोडतोय!”

“सोडा ना मग.”

“सही केल्याबिगर कसं सोडू?”

“वाचल्याबगैर कशी सही करू?”

मगदूमांनी माझ्याकडं बघितलं. मी भिंतीवरच्या घड्याळाकडं बघितलं. साडेतीन. दत्तजयंतीचा दिवस. चार वाजता चौकीच्या मागच्याच गल्लीत, दत्ताच्या देवळात, उगारकरबुवांचं जन्माचं कीर्तन उभं राहणार होतं. बुवांच्या मागं झांज धरून उभं राहायचा मान बावीस वर्षं माझा. घसा बसला होता, ताप होता, एकदा तर हात प्लास्टरमध्ये होता, तरी चुकलो नव्हतो. प्लास्टरच्या वर्षी एक झांज काखेत धरून वाजवली होती.

“यांगझोम,” मी म्हटलं, “मी सांगतो ना. ही बघ, साक्षीदार म्हणून माझी सही झालीसुद्धा. कर तू पण, आणि मोकळी हो. मलाही मोकळं कर.”

ती वाकली आणि माझी सही तिनं नीट न्याहाळली.

“काका, तुम्ही वाचला?”

“मगदूमांनी लिहिलाय. त्यात वाचायचं काय?”

यांगझोम पुन्हा ताठ बसली. लोकरीच्या शालीचं टोक तिनं गुडघ्याखाली असं दाबून घेतलं, की आता ही बाई इथंच मुक्कामाला.

सत्त्याण्णव सालची ही गोष्ट. मी तेव्हा आमच्या तालुक्याच्या कोर्टात बेलिफ होतो. लोकांच्या दारात समन्स नेऊन द्यायचं, कुणी दार उघडलं नाही तर दाराला चिकटवायचं, हे माझं काम. मी गल्लीत शिरलो की माणसं पटापट परसाकडं जात. संध्याकाळी मात्र तीच माणसं देवळात माझ्या शेजारी मांडी घालून बसत. कारण गावात कीर्तन असेल आणि हा खटावकर नाही, असं कधी झालं नाही. आवाज बेताचा आणि पाठांतर अर्धवट असल्यामुळं बुवा व्हायचं राहिलं. म्हणून झांजेवर भागवलं.

यांगझोम दर हिवाळ्यात यायची. दिवाळी झाली की एसटी स्टँडच्या मैदानात तिबेटी लोकांचे स्वेटरचे गाळे लागत. कर्नाटकात त्यांची वसाहत आहे, तिथून ही मंडळी गाठोडी घेऊन येत आणि संक्रांतीनंतर जात. यांगझोम तिच्या आईबरोबर पायी डोंगर ओलांडून या देशात आली होती. तेव्हापासून एक नोंदणीची पुस्तिका एवढाच तिचा आधार. फोटो, शिक्का, आणि या बाईला इथं राहायची मुभा आहे, असा मजकूर. आपल्याला रेशनकार्ड हरवलं तर हळहळ वाटते. तिची पुस्तिका गेली असती, तर ती कुणाचीच उरली नसती. ती माझ्याहून दोनच वर्षांनी लहान, पण मैदानात गिऱ्हाईक दिसलं की ‘काका’ म्हणायची सवय, त्यामुळं मी काका आणि माझी बायको कुमुद काकू.

त्या वर्षी कुमुदसाठी स्वेटर घ्यायला गेलो, तर यांगझोम भावच सांगेना.

“काका, तुम्ही कोर्टात ना? एक सांगा. पोलीस पकडला तर आम्ही काय करायचं?”

“काय केलंस?”

“काही नाही केला. म्हणून तर भीती.”

मग कळलं. तिचा मावसभाऊ चोफेल, आदल्या हिवाळ्यात दुसऱ्या एका गावी त्याला चौकशीला नेलं. तो घाबरला. कोऱ्या कागदावर अंगठा उठवून आला. पुढं त्या कागदावर काय काय उगवलं देव जाणे, पण सहा महिने तो तारखा करत होता आणि त्याची पुस्तिका सरकारी कपाटात पडून होती.

मला वाईट वाटलं. आणि खरं सांगायचं, तर थोडा आनंदही झाला. कारण लोकांना काही सांगायचं असलं की मला एकच रीत माहीत.

मंगळवारी बाजार बंद. आमच्या ओसरीवर अकरा तिबेटी माणसं ओळीनं बसली. मी उपरणं घेतलं, कपाळी बुक्का लावला, त्यांनाही लावला आणि उभा राहिलो. पूर्वरंगात देह हे कसं भाड्याचं घर आहे, यावर वीस मिनिटं बोललो. त्यांनी अतिशय नम्रपणे ऐकलं. कळलं कुणालाच नाही.

“अहो, पोलिसांचं सांगा,” कुमुद आतून म्हणाली. “ती माणसं पोह्यांसाठी नाही आलेली.”

मग मी आख्यान लावलं. माझंच रचलेलं. एका पोपटाचं रान जळालं. तो उडत उडत दुसऱ्या राजाच्या बागेत आला. राजानं त्याला राहायचा परवाना दिला. एके दिवशी नव्या शिपायानं त्याला धरलं. तर पोपटानं काय केलं? पळाला नाही. चोच मारली नाही. ओरडला नाही. परवान्याची नक्कल दाखवली, अस्सल परवाना शक्यतो हातचा सोडला नाही. मग विचारलं, “महाराज, मला का धरलं ते सांगा.” मग म्हणाला, “माझ्या मैनेला कळवा, मी कुठं आहे.” मग म्हणाला, “मला वकील पाहिजे. पदरी दाणा नसेल तर राजानं फुकट द्यायचा.” मग म्हणाला, “उद्या या वेळेच्या आत मला न्यायाधीशापुढं उभा करा, तसा कायदाच आहे.”

“काका,” मागून एकानं हात वर केला, “पोपटनं झेरॉक्स कुठं काढली?”

“स्टँडजवळ,” यांगझोमनंच त्याला सांगून टाकलं. “गप्प ऐक.”

आणि शेवटी मी सगळ्यांना म्हणायला ध्रुपद दिलं. दोनच ओळी, चाल भजनाची:

वाचल्याविना सही नाही,
समजल्याविना होय नाही.

मी झांज धरली आणि अकरा जणांनी टाळ्यांवर ते तासभर घोळवलं. शेजारचे देशपांडे कुंपणावरून विचारून गेले, की हा कुठला नवा पंथ. मला मात्र इतकं समाधान क्वचित वाटलं असेल. उगारकरबुवांना कधी अकरा माणसं शेवटपर्यंत जागी मिळतात?

ते ध्रुपद आता चौकीत माझ्यापुढं शाल गुंडाळून बसलं होतं.

झालं होतं असं. सकाळी अकराला मैदानात कागदपत्रांची तपासणी झाली. यांगझोमच्या पुस्तिकेची मुदत दहा दिवसांपूर्वी संपलेली. नूतनीकरणाला अर्ज केल्याची पोच तिच्याकडं होती, पण ती कानडी शिक्क्याची, आमच्या शिपायाला काय कळणार? महिला पोलीस बरोबर होती, तिनं यांगझोमला चौकीत आणलं. इथं यांगझोमनं सगळा पोपट क्रमवार केला. पळाली नाही. झेरॉक्स पुढं केली. अस्सलच पाहिजे म्हटल्यावर पुस्तिका दिली, पण मगदूमांकडून चिठ्ठीवर लिहून घेतलं, की मिळाली. का धरलं, विचारलं. मैनेच्या जागी माझं नाव सांगितलं.

मी कोर्टातून आलो तोवर अर्धं काम झालंही होतं. फौजदारसाहेब बंदोबस्तावर होते, त्यांनी फोनवर वसाहतीच्या भागातल्या नोंदणी कचेरीत विचारून घेतलं. पुस्तिका खरी, अर्ज खरा. “जबाब घ्या आणि सोडून द्या,” असं ते मगदूमांना म्हणाले. मगदूमांनी तासभर खपून जबाब लिहिला. राहिली होती फक्त सही.

“बेलिफसाहेब,” मगदूम माझ्या कानाशी आले, “ह्या बाईला कुणी शिकिवलंय हो हे?”

“काय की,” मी म्हणालो.

देवळाच्या कर्ण्यावर पेटीचा सूर लागला. बुवा नमनाला उभे राहिले होते. आणि मागं झांज वाजत होती. सरळसरळ लयीच्या मागं. म्हणजे ती गुरवाच्या गणूनं धरली होती.

“ऐका, ऐका कसा मारतोय!” मी कळवळलो. “यांगझोम, तुला हात जोडतो. हा जबाब तुझ्या सुटकेचा आहे. तू सही केलीस की पुस्तिका तुझ्या हातात.”

“चोफेलला पण असाच बोलले.”

“अगं, पण इथं मी आहे ना!”

“म्हणून सांगते. तुम्ही वाचा, मी सही करते. दोन मिनिट.”

“बाई, सरकारी मराठी हाय ती,” मगदूम म्हणाले. “आमास्नीबी समजत न्हाई. ती समजायसाठी नसतीच.”

दारात स्टुलावर बसलेली महिला पोलीस फिस्सकन हसली. तेवढ्यात तिच्या पलीकडून कुमुद आत आली. जरीचं लुगडं, हातात माझं उपरणं आणि माझी झांज.

“हे काय? बुवा नमन संपवून निरूपणाला लागले. दोनदा मागं वळून बघितलं त्यांनी. तुमचं आपलं इथं काय चाललंय?”

“ही सही करत नाही.”

“का?”

“कागद वाचून दाखवा म्हणते.”

कुमुदनं झांज मगदूमांच्या टेबलावर ठेवली, ती खणखणली.

“मग वाचा की! ओसरीवर तासभर माझ्या डोक्याशी कोण कोकलत होतं? मी पोहे करताना फोडणीतसुद्धा ‘सही नाही, सही नाही’ ऐकलं. आता तिनं ते मनावर घेतलं, तर तुम्हाला घाई?”

मगदूम हळूच माझ्याकडं वळले. “म्हंजी तुमीच व्हय ते?”

मी कागद उचलला. दुसरं काही करण्यासारखं उरलंच नव्हतं.

आता माझी एक अडचण आहे. मला साधं वाचता येत नाही. चार माणसं ऐकायला बसली, की आवाज आपोआप वर जातो आणि निरूपण सुरू होतं.

“मी,” मी सुरुवात केली आणि थांबलो. “मी, म्हणजे कोण? तर जबाब देणार. मीपण आलं की जबाब आलाच…”

“अहो, पुढं!” कुमुद म्हणाली.

“मी, खाली सही करणार, यांगझोम. बरोबर?”

“बरोबर,” यांगझोम म्हणाली.

“वय वर्षे बत्तीस.”

यांगझोमनं मगदूमांकडं पाहिलं. ती बावन्न वर्षांची होती.

“बाईचं वय कमी लिवलं तर बिघडलं कुठं?” मगदूम म्हणाले.

“धंदा मजुरी. रंग सावळा. बांधा मजबूत.” मी चष्मा पुसला. “मिशी राखलेली.”

कर्ण्यावरून बुवांचा आवाज येत होता, कसलासा दृष्टांत चालला होता. सगळ्यांची नजर यांगझोमच्या ओठांवर गेली. तिनंही हात लावून पाहिला.

“उजव्या दंडावर,” मी कसंबसं पुढं वाचलं, “कुस्तीच्या गदेचं गोंदण.”

महिला पोलीस स्टुलावरून उठून बाहेर गेली. बाहेरून तिचं हसू ऐकू येत होतं.

“मगदूम, हे काय?”

मगदूमांचे कान लाल झाले होते. “नमुना घेतला होता हो,” ते म्हणाले. “परमुलखाच्या माणसाचा जबाब ह्या चौकीत कवा घ्यावाच लागला न्हाई. मग जुन्या फायलीतला एक घेतला. मागं एक इसम आला होता भायेरचा, ओळखपत्राचीच भानगड. म्हटलं, जुळतंय. नाव बदललं न् बाकी उतरून काढलं.”

“म्हणजे मिशीसकट?”

“लिवायच्या नादात मिशी कुठं दिसती?”

कुमुद पदर तोंडाला लावून हसत होती. मीही हसलो. यांगझोमसुद्धा हसली, पण तिनं बोट कागदावरून उचललं नाही.

“पुढं वाचा, काका.”

“आता पुढं काय असणार? मिशी खोडू, गदा खोडू…”

“पुढं.”

मी वाचू लागलो. पहिल्या दोन ओळी गात वाचल्या. तिसरीला आवाज खाली आला.

“…समक्ष विचारल्यावरून लिहून देतो की, माझेजवळील ओळखीचे पुस्तक हे बनावट असून, ते मी अज्ञात इसमाकडून मिळविलेले आहे. सदर पुस्तकाचे आधारे मी या ठिकाणी बेकायदा राहात असल्याचे मला मान्य आहे. पुढील कारवाईस माझी हरकत नाही.”

कुणी हसलं नाही.

“हिंदीमध्ये सांगा,” यांगझोम म्हणाली.

मी हिंदीत सांगितलं. तिनं ते ऐकलं, दोन्ही हात शालीत घेतले. मी तिच्याकडं बघू शकलो नाही, म्हणून कागदाकडं बघितलं. खाली आणखी एक ओळ होती. ही ओळ प्रत्येक जबाबाच्या तळाशी असते. मी ती हजारदा बघितली असेल, दारावरची रांगोळी बघावी तशी.

“सदरचा जबाब मला माझे भाषेत वाचून दाखविला, तो माझे सांगण्याप्रमाणे बरोबर आहे.”

आणि त्याच्याखाली, निळ्या शाईत, वळणदार, शेपटी काढलेली माझी सही. म्हणजे मी साक्ष दिली होती, की या बाईची पुस्तिका खोटी आहे, तिनं ते माझ्यासमोर कबूल केलं आणि ते तिला तिच्या भाषेत वाचून दाखवलेलं मी बघितलं.

“काय झालं? थांबलात का?” कुमुदनं विचारलं.

मी सही तिला दाखवली. बावीस वर्षं देवळात मला घरी चला म्हणणाऱ्या माझ्या बायकोनं हातातलं उपरणं घडी करून बाकावर ठेवलं.

“मी सही केला असता,” यांगझोम हळूच म्हणाली, “तर चोफेल झाला असता. काका, तुम्ही चांगला शिकवला.”

तिच्या आवाजात टोमणा नव्हता.

मगदूमांना आता घाम फुटला होता. माणूस वाईट नव्हता. त्यांनी सरळ नवा कागद काढला, पेनाचं टोपण दातानं उघडलं आणि म्हणाले, “सांगा बाई. तुमीच सांगा. मी लिवतो.”

मग त्या चौकीत जे झालं, तसं तिथं आधी झालं नसावं आणि नंतरही नाही. यांगझोम सांगायची, मी मराठीत करायचो, मगदूम लिहायचे, मग मी वाचायचो, तिला हिंदीत सांगायचो, ती मान डोलवायची किंवा हलवायची. एकेका वाक्याला तीन-तीन फेरे. “पुस्तिका माझी आहे. खरी आहे. मुदत संपली, अर्ज केला, पोच आहे. कचेरीनं फोनवर हो म्हटलं.” मगदूम सवयीनं “सदर इसम” लिहायला गेले, की ती विचारायची, “इसम कोण?” मगदूम खोडायचे आणि ‘मी’ लिहायचे. असं अर्धं पान झाल्यावर मगदूम स्वतःच थक्क होऊन म्हणाले, “च्यायला, हे तर समजायलंय की!”

कर्ण्यावर बुवा आख्यानात शिरले होते. अनसूयेच्या दारी तीन अतिथी आले होते. माझे कान तिकडं, डोळे इकडं. गणूची झांज एव्हाना लयीच्या पुढं गेली होती. मी दोनदा दात आवळले, पण जागचा हललो नाही.

जबाब पुरा झाला. मी तो पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. गायलो नाही. मग साक्षीदार म्हणून सही केली. यांगझोमनं पेन घेतलं आणि लिहायला लागली. तिबेटी अक्षरं, माळेत फुलं ओवल्यासारखी, एक ओळ, दुसरी ओळ.

“सही एवढी लांब?” मगदूम डोकावले. “काय लिवलं ते?”

“लिहिला, काकानं चार वेळा वाचून दाखवला, मला समजला. खाली नाव.”

मगदूमांनी कागद सुलटा धरला, उलटा धरला. “आता मी कसा इश्वास ठेवू? मला कुठं वाचाय येतंय?”

“मी वाचून दाखवते,” यांगझोम म्हणाली. आणि तिनं बोट ठेवून, शब्द न् शब्द, तिबेटीत वाचून दाखवलं. मगदूमांनी शेवटपर्यंत गंभीरपणे ऐकलं.

“बराबर हाय,” ते म्हणाले आणि त्यांनी शिक्का मारला.

पुस्तिका ड्रॉवरमधून निघाली आणि यांगझोमच्या हातात आली. तिनं ती कपाळाला लावली, उघडून आपला फोटो बघितला आणि शालीच्या आत ठेवली. मी उपरणं खांद्यावर टाकलं. अजून जन्माला वेळ होता, पळत गेलो तर पाळण्याला पोचलो असतो.

यांगझोम उठली नाही.

“आता काय?” मगदूम रडकुंडीला आले.

“तो जुना.” तिनं टेबलाच्या कोपऱ्याकडं बोट केलं. मिशीवाला जबाब तिथं फायलीखाली सरकवलेला होता.

“तो ऱ्हाऊ द्या हो. त्यावर तुमची सही न्हाई. त्याला काय किंमत?”

“काकाची आहे.”

“ऱ्हाईना. मी ठेवतो बाजूला.”

“साहेब,” यांगझोम म्हणाली, “दोन यांगझोम नको. एक ही. एक मिशीवाली. उद्या तुमची बदली होणार. नवीन साहेब कपाट उघडणार. त्याला कुठली मिळणार?”

“बरोबर बोलतेय ती,” कुमुद म्हणाली. “फाडून टाका.”

“काकू, सरकारी कागद हाय! साक्षीदाराची सही झालीया. असा फाडता येतोय व्हय?”

“वहीत चढवलाय?”

“अजून न्हाई.”

“त्यावर नंबर?”

“न्हाई.”

“मग सरकारला तो जन्मलाय हे तरी ठाऊक आहे का?”

मगदूमांनी कागद फायलीखालून बाहेर ओढला. मी म्हणालो, “मगदूम, त्यातली खोटी सही माझी आहे. मला ती परत पाहिजे.”

“फौजदारसाहेबांनी विचारलं तर?”

“साहेबांनी जबाब घ्या म्हटलं. जबाब घेतला. हा काय जबाब आहे का? जिला मिशी आहे, गदा गोंदलेली आहे, अशी बाई तुमच्या चौकीत आली होती, हे सांगणार आहात त्यांना?”

ते विचारात पडले. कागदावर हात ठेवून बसले. एका सरकारी माणसाला लिहिलेला कागद फाडायला सांगणं म्हणजे काय, ते मला माहीत होतं. मी स्वतः बेलिफ. परत आलेलं समन्ससुद्धा मी कधी चुरगाळलं नव्हतं.

आणि तेवढ्यात बुवांचा आवाज चढला. बाहेर गल्लीतली बोलणी थांबली. उन्हं कौलांवरून उतरली होती. आमच्या गावात जन्माचा क्षण आला, की जो जिथं असेल तिथं उभा राहतो. न्हावी वस्तरा थांबवतो. बस स्टँडवर कंडक्टर घंटीची दोरी सोडतो. मगदूम उठले, टोपी काढली. महिला पोलीस आत येऊन उभी राहिली. कुमुदनं डोईवर पदर घेतला. यांगझोमला काही सांगावं लागलं नाही, तीही उठली आणि तिनं हात जोडले.

“फुलं,” मगदूम एकदम म्हणाले. “फुलं न्हाईत.”

जन्माला देवावर काहीतरी उधळायचं असतं, रिकाम्या हातानं उभं राहत नाहीत. त्यांनी भोवती बघितलं. भिंतीवरच्या तसबिरीचा हार प्लॅस्टिकचा होता. कुंडीत निवडुंग.

बुवा कर्ण्यावर श्वास घेत होते. आम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं, पुढच्या ओळीला घंटा वाजणार.

मगदूमांनी टेबलावरचा कागद उचलला. एक टोक स्वतः धरलं आणि दुसरं यांगझोमपुढं केलं.

“वढा बाई,” ते म्हणाले. “आता वाचत बसू नका.”

तिनं ओढला. मग अर्ध्याचे चार, चाराचे आठ. कुमुदच्या हातात मूठभर, महिला पोलिसाच्या हातात मूठभर, माझ्या हातात मूठभर. घंटा वाजली. देवळात जयजयकार झाला, आणि आम्ही पाचही जणांनी ते तुकडे कॅलेंडरवरच्या दत्तावर उधळले. पंख्यानं ते खाली येऊ दिले नाहीत, चौकीभर फिरवले. मी टेबलावरची झांज घेतली आणि वाजवली. लयीत वाजवली, गणूच्या विरुद्ध. मगदूम टाळ्या वाजवत होते. यांगझोम पुटपुटत होती, काय ते मी विचारलं नाही.

तिला मैदानापर्यंत पोचवून आम्ही घरी आलो, तेव्हा सुंठवडा संपला होता आणि बुवा माझ्यावर चिडून मुक्कामी गेले होते. कुमुद आरशापुढं अंबाडा सोडत होती.

“हे काय अडकलंय बघा.”

कागदाचा नखाएवढा तुकडा होता. मी तो उचलून केराच्या टोपलीकडं निघालो. मग थांबलो, दिव्याखाली गेलो आणि चष्मा लावून आधी वाचला.